चार-दोनचं दोन-चार

बनुबाई दारकुंडे सकाळी सकाळी आली आणि पाणी वापर संस्थेच्या ऑफिसच्या उंबऱ्यावर बसली ती हललीच नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा. तिला ओलांडल्याशिवाय कोणाला आत यायची सोय नव्हती, आणि बनुबाईला ओलांडायची बोरडोहात कोणाची छाती नव्हती.

"उठा ना काकू," ज्ञानेश्वरी आतून म्हणाली. "वर खुर्चीत बसा. चहा सांगते."

"चहा पाजूनच जमिनी गेल्यात लोकांच्या. मी हितंच बरी. तू आधी मला सांग, माझा चार-दोन भीमाच्या नावावर कोणी केला?"

"कोणीच नाही केला हो."

"मग ह्ये काय हाय?" बनुबाईनं कमरेला खोचलेली चिठ्ठी काढून फडफडवली. "ह्यात माझ्या नावापुढं दोन-चार लिवलंय. आन् भीमाच्या चिठ्ठीत चार-दोन. मी सोता बघून आले. दात काढून दाखवीत हुता मेला."

चिठ्ठी होती पाणीपाळीची. कालव्याचं आवर्तन सुटायच्या आधी संस्था प्रत्येक शेतकऱ्याला अशी चिठ्ठी देते. नाव, गट नंबर, कोणता वार, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत पाणी. चिठ्ठी पाहून पाटकरी चारीवरचं, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरचं, त्या त्या गटाचं दारं उघडतो. बनुबाईची जमीन गट नंबर चारमधला दोन नंबरचा हिस्सा, म्हणजे ४/२. चारीच्या अगदी तोंडाला, दारं उघडलं की पहिल्या सऱ्या तिच्या भिजायच्या. तिचा धाकटा दीर भीमा, त्याची जमीन २/४, पार शेपटाला. तिथवर पाणी पोचेपर्यंत अर्धं वाटेतच जिरायचं. वाटण्या झाल्या त्या दिवसापासून भीमाचा डोळा तोंडाच्या तुकड्यावर होता, आणि तेव्हापासूनच दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं. आता संस्थेच्या शिक्क्याची चिठ्ठीच सांगत होती की चार-दोन भीमाचा. बनुबाईनं पिशवीत सातबारा घातला, आली आणि बसली.

ज्ञानेश्वरीनं कम्प्युटरकडं पाहिलं. शीट उघडीच होती. बनुबाईच्या ओळीत स्वच्छ दिसत होतं: 4/2. भीमाच्या ओळीत: 2/4. मग शेजारची चिठ्ठ्यांची फाईल उघडली. बनुबाई: 2/4. भीमा: 4/2.

शीटमध्ये सुलटं, कागदावर उलटं. मधल्या मधे कोण उलटवत होतं, ते तिला कळेना.

ज्ञानेश्वरी नवथर ही काही जन्माची कम्प्युटरवाली नाही. तिचं माहेर खर्ड्याच्या पलीकडं, जामखेडच्या अंगाला. तिकडं विहिरीत पाणी शोधायचं म्हणजे दोर संपेपर्यंत सोडायचा आणि मग टँकरची वाट बघायची. वडील एकदा नेवाशाला देवळात जाऊन आले होते, परत आले त्याच आठवड्यात पोरगी झाली, म्हणून नाव ज्ञानेश्वरी. पुढं पोरगी नेवाशाच्याच तालुक्यात दिली गेली. बारावी झालेली, शिवणकाम येणारी, बोलण्यात माहेरचं 'करायलेत', 'जायलेत' येणारी. सासरी पहिली काही वर्षं तिच्या ह्या बोलण्याचीच सगळे नक्कल करायचे. सासू रंगुबाई तर पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायची, "काय करायलीस गं, ज्ञाना?" ज्ञानेश्वरी हसायची आणि काम करायची. नवरा टेम्पो चालवतो, कांद्याच्या सीझनला चार चार दिवस घरी नसतो. घरात दोन एकर, एक म्हैस, आणि सासूचं तोंड.

कम्प्युटरचा कोर्स तिनं केला तो नेवासा फाट्यावर लीना मॅडमच्या क्लासात. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, मध्ये ही पदर खोचून. कीबोर्डवर बोटं आपटायची तर मॅडम म्हणायच्या, "ताई, शिवणयंत्र नाही ते, पायानं चालत नाही." परीक्षा पास झाली. आधी गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून दिले, मग पाणी वापर संस्थेचे सचिव सुहासराव जोशी वय झालं म्हणून घरी बसले, आणि चेअरमन आप्पांनी ज्ञानेश्वरीला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसल्यापासून गाव तिला 'माउली' म्हणू लागलं. नावामुळं म्हणत होतं, चेष्टेनं म्हणत होतं, पण हाक मारताना आवाज मात्र आदबशीर निघायचा. रंगुबाईनं सुद्धा नक्कल सोडली होती. एकदा शेजारणीला म्हणाली, "आमची सून हापिसात असती." ज्ञानेश्वरीनं ते आतून ऐकलं आणि त्या दिवशी भाकरी दोन जास्त केल्या, कोणाला कळलं नाही का केल्या.

तर ती खुर्ची. पहिल्या आवर्तनाला ज्ञानेश्वरीनं चिठ्ठ्या एक एक करून टाइप केल्या. नाव खोड, नवं घाल, गट खोड, नवा घाल. दोनशेवर चिठ्ठ्या. अर्ध्या झाल्या नाहीत तोवर पाणी चारीला लागलं आणि लोक चिठ्ठीविना दाऱ्यावर फावडी घेऊन उभे. आप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं, "ह्याच्यापेक्षा सुहासरावांचा बॉलपेन बरा हुता."

म्हणून यंदा तिनं मेल मर्ज करायचं ठरवलं. लीना मॅडमनी क्लासात शिकवलं होतं, दिवाळीच्या शुभेच्छापत्राचं उदाहरण देऊन. एक्सेलच्या शीटमध्ये सगळ्यांची नावं, गट, वार, वेळ अशी उभी यादी घालायची. वर्डमध्ये चिठ्ठीचा एकच नमुना करायचा, आणि नाव जिथं हवं तिथं नावाची, गट हवा तिथं गटाची खूण ठेवायची. मग दोन्ही जोडली की यादीतल्या प्रत्येक माणसाची चिठ्ठी आपोआप तयार.

यादी घालतानाच एक अडचण आली होती. 4/2 टाइप केलं की शीट त्याचं '04-Feb' करायचं. ज्ञानेश्वरीनं कपाळाला हात लावला, पण खटपट करून फॉरमॅटमध्ये जाऊन d/m असं घातलं आणि पुन्हा 4/2 दिसायला लागलं. मग चिठ्ठ्या जोडल्या, तर प्रत्येक गटाच्या मागं चालू साल चिकटून आलं. पहिलीच चिठ्ठी आप्पांची, त्यांचा गट १/१. तिथं दिसत होतं 1/1 आणि पुढं साल. ज्ञानेश्वरीला वाटलं, एवढंच ना. सगळ्या फाईलीतून आधीच्या तिरक्या रेघेसकट साल शोधलं आणि त्या जागी काहीच नाही असं भरून टाकलं. एका दणक्यात सगळी सालं गेली. पहिली चिठ्ठी तपासली: 1/1. बरोबर. प्रिंट मारली, कात्रीनं कापल्या, गहिनीनाथ पाटकऱ्यानं वाटल्या. तिला वाटलं, आता आपण ह्या खुर्चीच्या झालो.

आणि आता बनुबाई उंबऱ्यात.

दहाच्या सुमारास आप्पा आले. उंबऱ्यातली बनुबाई पाहून बाहेरच थबकले.

"वहिनी, काय झालं?"

"तुमच्या माउलीनं माझी जमीन भीमाला दिली."

आप्पांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. "दोन-चार. आन् तुमचा किती?"

"चार-दोन."

"मग एकच की. चार-दोन काय, दोन-चार काय. आपण म्हणत न्हाई का, चार-दोन माणसं आली, दोन-चार माणसं आली—"

"व्हय का? मग तुमचा शेताचा तुकडा चार-दोन एकराच्या जागी दोन-चार गुंठे म्हनू का आमी?"

आप्पांनी चिठ्ठी तिच्या हातात परत दिली. तेवढ्यात मागं आणखी तिघं-चौघं आले. एकाचा ३/७ होता, त्याच्या चिठ्ठीत ७/३ आला होता. एकाचा १२/५, त्याचा ५/१२. पाटीलकीच्या आवाजात प्रत्येकजण आपला गट सांगत होता, आणि बनुबाई उंबऱ्यातून प्रत्येकाला म्हणत होती, "बगा, तुमचीबी दिली."

मग भीमा दारकुंडे आला. सायकल लावली, टोपी मागं सारली आणि भावजयीकडं न बघता, भिंतीकडं बघून बोलला, "मी काही मागितलं न्हवतं. पर सरकारी कागुद आला तर त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

"सरकारी कागुद!" बनुबाई त्याच भिंतीला म्हणाली. "कात्रीनं कापलेला हाय तो. कडा बग, वाकड्या."

आप्पांनी ज्ञानेश्वरीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कपाटापाशी, कारण दारात बनुबाई होती. आवाज खाली करून म्हणाले, "ऐका. वरून पाणी सुटलंय. उद्या सकाळी आपल्या चारीला लागतंय. दिवस मावळायच्या आत चिठ्ठ्या नीट झाल्या तर झाल्या. न्हाई तर सुहासरावांना बोलावणं धाडलंय मी. ते हातानं लिवतील. मग तुमीच सांगा, संस्थेला दोन दोन माणसं कशाला पाहिजेत?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "सांजच्या आत होतंय आप्पा." कसं होतंय ते तिला माहीत नव्हतं.

तिनं लीना मॅडमना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडं बँड वाजत होता.

"मॅडम, मी ज्ञानेश्वरी, बोरडोहची. मेल मर्जमध्ये गट नंबर उलटे यायलेत!"

"काय? लग्नात आहे गं मी!"

"नंबर! उलटे! चार बाय दोनचं दोन बाय चार!"

"बाई, अगं कॉलम सिलेक्ट कर! फॉरमॅट! टेक्स्ट! ऐकू येतंय का? टेक्स्ट!"

"टेक्स्ट का?"

"हो, टेक्स्ट! आणि— अगं अक्षता पडतायत, ठेवते, ठेवते." आणि फोन बंद.

ज्ञानेश्वरीनं गटाचा कॉलम सिलेक्ट केला, टेक्स्ट केलं. आणि बघता बघता उभ्या कॉलममधले सगळे लहान गट पाच आकडी झाले. बनुबाईचा चार-दोन पंचेचाळीस हजारांच्या पुढं कुठं तरी गेला. भीमाचा तसाच.

"काय झालं?" बनुबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"काही नाही काकू."

"काही न्हाई म्हंजी काही तरी हाय. किती आलंय आता माझा?"

ज्ञानेश्वरीनं खरं सांगितलं. बनुबाईनं बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "पंचेचाळीस हजार? एवढे गट तर सगळ्या तालुक्यात नसतील. आमची जमीन गेली तरी कुठं?"

ज्ञानेश्वरीनं कंट्रोल झेड दाबलं. गट परत आले.

सुहासराव जोशी आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्वच्छ इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला निळा बॉलपेन. बनुबाई त्यांच्यासाठी मात्र पाय आखडून सरकली. सुहासरावांचं अक्षर असं की गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरची नावं त्यांनी घातलेली. ते दुसऱ्या टेबलाशी बसले, समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला, पेनचं टोपण काढलं, आणि लिहिलं मात्र काही नाही.

ज्ञानेश्वरीला वाटलं, लिहायला लागले तर बरं. निदान संपेल तरी.

"घाई नाही माझी," ते म्हणाले, जणू तिनं मोठ्यानं म्हटलं होतं. "दोनशे चिठ्ठ्या लिहायच्या म्हणजे हा अंगठा आता रात्रभर ठणकतो. आप्पांना सांगितलं, तर म्हणाले अंगठा दाबून देतो. तू बघ तुझं."

"तुमच्या हातून कधी चुकायचं का काका?"

"चुकायचं की. एकदा एकाला दोनदा पाणी दिलं होतं. पण माझी चूक म्हणजे एक चिठ्ठी, एक माणूस, एक शिवी. तुझ्या यंत्राची चूक सगळ्या गावाला एकदम, आणि सगळ्यांना सारखी."

शेवटचा शब्द ज्ञानेश्वरीनं धरला. "सगळ्यांना सारखी असती तर बरं झालं असतं काका. आप्पांची चिठ्ठी बरोबर आहे. म्हणूनच तर मी फसले."

तेवढ्यात गहिनीनाथ पाटकरी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. त्यानं फावडं बाहेर टेकवलं आणि बनुबाईच्या शेजारी, उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"सगळी चारी हिंडून आलो," तो म्हणाला. "ज्यांना ज्यांना चिठ्ठ्या दिल्या त्या सगळ्यांना गाठून विचारलं. मला नावाशी घेणं न्हाई, नाव बदलतंय. बाप गेला की पोराचं लागतंय. नंबर बदलत न्हाई. म्हणून नंबरावरच विचारलं."

"मग?"

"माळावरचे सगळे बरोबर हायत. एकशे बाराचा दोन, एकशे चाळीसचा एक, सगळे. ज्यांचा नुसता गट हाय, हिस्सा न्हाई, सतरा, एकोणीस, तेबी बरोबर. आन् जोडीचे बरोबर."

"जोडीचे म्हणजे?"

"पाचचा पाच. आप्पांचा एकचा एक. उलटे झाले ते निस्ते लहान नंबराचे. लहानातला सगळ्यात मोठा म्हंजी एकतीसचा एक. त्याचं झालंय एकचा एकतीस." गहिनीनाथ हसला. "आप्पांच्या गटाला एकतीस हिस्से! ऐकून आप्पांना चक्कर यायची."

"मध्ये? एकतीसच्या पुढचे, शंभराच्या अलीकडचे?"

"ते आपल्या चारीवर न्हाईत. ते पलीकडच्या चारीला."

ज्ञानेश्वरी स्वतःशीच म्हणाली, "एकतीस." जोडीचे उलटले तरी तसेच राहतात, म्हणून ते बरोबर दिसत होते. बरोबर नव्हते, फक्त दिसत होते. आणि एकतीसच्या पुढं काही उलटलं नव्हतं. एकतीस म्हणजे काय? तिच्या डोक्यात भिंतीवरचं कॅलेंडर आलं. मग आलं '04-Feb'. ते जे तिनं खटपट करून झाकलं होतं, ते.

ती बनुबाईच्या गटाच्या चौकोनावर गेली आणि एकदा टिचकी मारली. चौकोनात 4/2 दिसत होतं. पण शीटच्या वर एक लांब पांढरी पट्टी असते, चौकोनात खरं काय भरलंय ते तिथं दिसतं. तिकडं आत्तापर्यंत तिनं कधी बघितलंच नव्हतं. पट्टीत चक्क तारीख होती. फेब्रुवारीची चार तारीख, चालू साल.

"काका, हे बघा."

सुहासराव उठून मागं आले. "हे तर तारीख समजतंय."

"हो. मी टाइप केलं चार बाय दोन. ह्याला वाटलं चार फेब्रुवारी. मी वरून सदरा घातला, की दिसावं चार बाय दोन, पण आत तारीखच राहिली. मग चिठ्ठीत गेल्यावर तारीख इंग्रजी पद्धतीनं झाली, आधी महिना, मग दिवस. चार फेब्रुवारीचं दोन-चार. आणि मागचं साल मी माझ्या हातानं पुसलं. साल राहिलं असतं तर निदान कळलं तरी असतं की ही तारीख आहे."

"माळावरचे नंबर?"

"एकशे बारा तारीख कुठल्या महिन्यात असते? म्हणून ते त्यानं तसेच ठेवले."

"आन् ते पंचेचाळीस हजार?" उंबऱ्यातून बनुबाईनं विचारलं. तिचं सगळं लक्ष इकडंच होतं.

सुहासराव म्हणाले, "कुठून तरी दिवस मोजत असेल तो. तारीख म्हणजे त्याच्या लेखी नुसते दिवसच."

"ज्ञाना," बनुबाई म्हणाली, "म्हंजी माझी जमीन म्हंजी चार फेब्रुवारी?"

"त्याला तसं वाटलं काकू."

"चार फेब्रुवारीला काय असतं?"

"काही नसतं."

"मग मेल्यानं माझीच का धरली?"

गहिनीनाथ म्हणाला, "भीमातात्याची दोन एप्रिल धरलीय की," आणि बनुबाईला पहिल्यांदा हसू आलं. तिनं ते पदरात धरलं.

आता करायचं काय, ते सोपं होतं, पण थोडं नव्हतं. जुना कॉलम दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. त्यात तारखा बसल्या होत्या, त्या टेक्स्ट केल्या की पुन्हा पंचेचाळीस हजार. ज्ञानेश्वरीनं शेजारी नवा रिकामा कॉलम घेतला. त्यात काही घालायच्या आधी, रिकामा असतानाच, तो टेक्स्ट केला. म्हणजे ह्यात जे येईल ते जसंच्या तसं ठेव, त्यात तारीख शोधू नको, असं त्याला आधीच सांगून ठेवलं. लीना मॅडम लग्नात हेच सांगत असणार, 'आणि' म्हणाल्या होत्या, त्या 'आणि'च्या पुढचं अक्षतांनी खाल्लं होतं.

"मी वाचतो," सुहासराव म्हणाले. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा बाजूला सारला, पेनचं टोपण लावलं आणि संस्थेची छापील गट-यादी समोर ओढली. "तू घाल. नाव मी म्हणतो, नंबर तू मोठ्यानं परत म्हण."

ते वाचत गेले, ज्ञानेश्वरी घालत गेली. "भागाबाई, तीनचा सात." "तीनचा सात." तिच्या बोटांना आता लय सापडली होती. गहिनीनाथ अधूनमधून उंबऱ्यातून म्हणायचा, "थांबा काका, त्यो गट आता पोरांनी वाटून घेतलाय, हिस्से दोन झालेत," आणि मग ती दुरुस्ती व्हायची. बनुबाईला मध्येच भूक लागली, तर तिनं पिशवीतून भाकरी-ठेचा काढला, सातबाऱ्याच्या शेजारचाच, आणि एक एक चतकोर तिघांपुढं सरकवला. उंबरा मात्र सोडला नाही.

यादी झाली. वर्डच्या नमुन्यातली गटाची जुनी खूण ज्ञानेश्वरीनं काढली आणि नव्या कॉलमची खूण बसवली. ह्या वेळी पहिली चिठ्ठी तिनं तपासलीच नाही. थेट बनुबाईच्या चिठ्ठीवर गेली. 4/2. मागं साल नाही. भीमाची: 2/4. एकतीसचा एक: 31/1. मग माळावरची एक. मग सतराची एकटी. मग वर खाली अशा दहा-पंधरा, सुहासराव यादीवर बोट ठेवून उभे.

"मार प्रिंट," ते म्हणाले.

दुपार कलली तेव्हा आप्पा परत आले. ऑफिससमोरच्या लिंबाखाली माणसं जमली होती. भीमा सायकलला टेकून उभा होता. ज्ञानेश्वरी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. म्हणजे, उंबऱ्यापर्यंत आली. बनुबाईनं वर पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठली. उठायला तिला वेळ लागला. सबंध दिवस बसलेली.

"नुसत्या वाटू नका," सुहासराव म्हणाले. "आधी वाटलेल्या अजून लोकांच्या खिशात आहेत. कुठली खरी, कुठली खोटी, उद्या दाऱ्यावर भांडणं होतील. वाचून द्या. वाचताना जुनी परत घ्या."

आप्पा म्हणाले, "तसंच करा."

मग गहिनीनाथनं वाचायला सुरुवात केली, मोठ्या आवाजात, दाऱ्यावरून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा. आधी नंबर, मग नाव. ज्याचा नंबर त्यानं पुढं यायचं, जुनी चिठ्ठी ज्ञानेश्वरीच्या हातात द्यायची, नवी घ्यायची. जुन्या चिठ्ठ्या ज्ञानेश्वरी तिथंच फाडत होती.

"दोन-चार! भीमा दारकुंडे!"

भीमा पुढं आला. जुनी चिठ्ठी खिशातून काढताना त्याचा हात जरा रेंगाळला. "चार-दोन ऱ्हायला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला, आणि सगळे हसले, त्यात तोही.

"चार-दोन! बनुबाई दारकुंडे!"

बनुबाईनं चिठ्ठी घेतली, पिशवीतून सातबारा काढला, दोन्ही शेजारी धरून आकडा आकड्याला लावून पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. मग ज्ञानेश्वरीकडं पाहून म्हणाली, "उद्या ह्यो परत उलटणार न्हाई ना?"

"नाही काकू. आता त्याला सांगितलंय, ही तारीख नव्हे, हे नाव आहे. नावाला उलटवत नाही तो."

"सकाळीच सांगायचं त्याला," बनुबाई म्हणाली. "माझा दिवस गेला ना." आणि निघाली. दोन पावलं गेल्यावर भिंतीकडं न बघता, भीमाकडं बघून म्हणाली, "शुक्रवारचं माजं पाणी दुपारी संपतंय. त्याच्यानंतर तुझं हाय. माजं भिजायच्या आधी दारं मोडून पाणी वळवू नको."

"न्हाई मोडत, वहिनी," भीमा म्हणाला. त्या दोघांतलं बऱ्याच वर्षांतलं ते पहिलं बोलणं असावं. पाण्याचंच होतं, दुसरं काही नव्हतं.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी चारीला लागलं. आवर्तन चाललं तोवर गहिनीनाथ हातात चिठ्ठी घेऊन दाऱ्यादाऱ्यानं हिंडला. शुक्रवारी बनुबाईचा कांदा भिजला, दुपारनंतर भीमाचा गहू. ऑफिसात कोणी आलं नाही. ज्ञानेश्वरी दारात बघत बसायची, की आता कोणी येईल, चिठ्ठी फडफडवील. कोणी आलंच नाही. आवर्तन चालू असताना संस्थेचं ऑफिस इतकं रिकामं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

पाणी बंद झाल्यावर आप्पा आले, खुर्चीत बसले, चहा मागवला. सुहासरावांचं नाव त्यांनी काढलं नाही. बॉलपेनचंही नाही. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "माळाच्या पलीकडचं क्षेत्र नवीन घेतोय संस्थेत. तिथले गट, हिस्से, सगळं पुढच्या आवर्तनाच्या यादीत पाहिजे. लिवून घेता का? सांगतो एकेक. एकावन्नचा तीन—"

"थांबा आप्पा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ती वळली, नवं शीट उघडलं, रिकामा कॉलम वरपासून खालपर्यंत धरला, आणि त्याला काय करायचं ते आधी सांगू लागली. आप्पा चेअरमन कप हातात धरून तिचं होईपर्यंत थांबले.